सव्वा मण

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेतल्या एका नव्या बाईंना तोच आजार निघाला, जो मला दहा वर्षांपूर्वी झाला होता. मधल्या सुट्टीत त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, तुम्ही कशा बऱ्या झालात?" मी म्हटलं, "गोळ्यांनी. एकही चुकवू नका." त्या मान हलवून गेल्या. घंटा झाली, मी चौथीच्या वर्गावर गेले, फळ्यावर वजनमापांची उदाहरणं लिहायला घेतली आणि 'किलो' लिहिता लिहिता हात थांबला. त्या बाईंना आपण अर्धंच सांगितलं, असं वाटलं.

उरलेलं अर्धं इथे लिहिते आहे. यात औषधांची नावं नाहीत. ती डॉक्टर सांगतात आणि चिठ्ठीवर लिहूनही देतात, वाचता येत नाहीत ही गोष्ट वेगळी. यात आहेत माझ्या सासूबाई आणि त्यांचा चहा.

तान्हा पोळा

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी समुद्रपूरच्या शाळेत शिकवत होते. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, मुलगी नंदा चार वर्षांची. आणि घराच्या मधोमध आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या चुलीवर जर्मनचं एक गंज, म्हणजे पातेलं, कायम असायचं, आणि त्यात गुळाचा काळा चहा. दिवसातून सहा वेळा त्या बशीत ओतून, फुंकर मारून, डोळे मिटून चहा प्यायच्या. त्या वेळी घराला आग लागली तरी आधी बशी संपली असती. मी शिकलेली सून म्हणून त्या मला 'मास्तरीण' म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला आठ वर्षांत समजलं नव्हतं. एवढं मात्र खरं की पहाटेचा पहिला चहा त्या माझ्याच हातचा घ्यायच्या आणि रोज त्याला नाव ठेवायच्या.

मी तीन महिने खोकत होते. खडूची भुकटी बाधते आहे, असं माझं शास्त्रीय मत होतं. मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या बाईचं मत म्हणजे कोण खोडणार? अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, पाठीला तेल झालं. अंगातला झंपर सैल झाला तेव्हा मी शिंप्याला दोष दिला.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शाळेच्या मैदानात मुलं लाकडी बैल सजवून ओळीत उभी होती आणि नंबर काढायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या तीन बैलांपर्यंत ठीक चाललं. चौथ्यापाशी खोकल्याची उबळ आली, मी रुमाल तोंडाला लावला आणि काढला तर तो लाल. समोरची एक चिमुरडी शेजारणीला म्हणाली, "बाईनं पान खाल्लं." खरं सांगते, मीही क्षणभर आठवून पाहिलं की आपण पान खाल्लं होतं का. मग त्याच चौथ्या बैलाला पहिला नंबर देऊन मी घरी आले. तो बैल तीन पायांचा होता हे मला पुढे हेडमास्तरांनी सांगितलं.

डाग

दुसऱ्या दिवशी आम्ही सेवाग्रामच्या दवाखान्यात गेलो. आत्याबाईही बसमध्ये चढल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना 'येऊ नका' म्हणणारा माणूस आमच्या खानदानात जन्मला नव्हता.

तरुण डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि छातीत डाग आहे, हा क्षय आहे, असं सरळ सांगून टाकलं. मी उभीच होते. आमचे हे मात्र मला बसायला ठेवलेल्या खुर्चीत बसले, मग हळूहळू तिच्यावरून घसरू लागले. नर्सबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या तो ह्यांच्यासाठी. डॉक्टरांनी ह्यांची नाडी पाहिली. दहा मिनिटं त्या खोलीत पेशंट कोण हेच कोणाला कळत नव्हतं, आणि त्या गडबडीत माझं घाबरायचं राहून गेलं. ते मी पुढे सवडीने केलं.

मग मला वजनकाट्यावर उभं केलं. छत्तीस किलो.

"मणात सांग," आत्याबाई दारातून म्हणाल्या.

त्यांचा किलोवर विश्वास नव्हता. ज्वारी, कापूस, गूळ, सगळं त्यांनी उभ्या आयुष्यात मणात आणि शेरात मोजलं होतं. मला त्या क्षणी सगळ्या जगाचा राग आला होता आणि समोर त्याच सापडल्या. मी म्हटलं, "मण सरकारनं बंद केला, आत्याबाई. आता किलोच." हे माझं वाक्य लक्षात ठेवा. मी विसरले होते.

वार्ड

बायांच्या वार्डात माझी खाट खिडकीजवळ होती. पलीकडच्या खाटेवर पंचफुलाबाई. हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि माझ्या देखतच आत्याबाईंना सांगितलं, "मणभर बी नाई भरत तुमची सून." आत्याबाई यावर काही बोलल्या नाहीत. एरवी त्यांच्या सुनेला कोणी परक्याने वजनाने तोलावं आणि त्यांनी ऐकून घ्यावं, असं झालं नसतं.

वार्डातला दिवस सुईने उगवायचा. एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. बसायचं ते दुसऱ्या बाजूवर. पंधरा दिवसांत दोन्ही बाजू सारख्याच निकामी झाल्या आणि मी उभ्याने वर्तमानपत्र वाचायला शिकले. सुईने कानात घुंगरं वाजायची. मी डॉक्टरांना सांगितलं तर ते गंभीर झाले, आणि पंचफुलाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मले तं जिनिंगचा भोंगा ऐकू येते. तुमचं बरं हाय, घुंगरू."

मग जेवण. डॉक्टरांनी रोज दोन अंडी खायला सांगितली होती. आमच्या घरात अंड्याचं नावही चुलीजवळ काढत नसत. मी म्हटलं, चला, सुटले. पण पहिल्याच रविवारी आत्याबाई डबा घेऊन आल्या आणि त्यात उकडलेली अंडी होती. कोणी उकडली, कुठे उकडली, विचारायची सोय नव्हती, कारण त्या माझ्या खाटेपासून चार हात लांब, नाकाला पदर लावून बसल्या होत्या.

तो पदर मला लागला. वार्डात तोंडाला फडकं लावून येणारे शंभर जण होते, त्यांचं काही वाटलं नाही. पण ही बाई माझ्या बाळंतपणात माझं सगळं करून गेलेली. मी समजले, आपली घाण वाटते आता.

त्यात ह्यांनी कॅन्टीनमधून सगळ्यांसाठी चहा आणला. आत्याबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मान फिरवली आणि म्हणाल्या, "मले नाई पाह्यजे." सहा वेळा चहा पिणारी बाई! मी भिंतीकडे तोंड करून पडले. माझ्या खाटेजवळचा चहाही त्यांना नको होता.

नवस

बाकी मंडळींनी मात्र उचल खाल्ली. कोणी आजारी पडलं की आमच्या लोकांना नवस बोलायला जो हुरूप येतो, त्याला तोड नाही. दर रविवारी एक जण यायचा आणि लाजत लाजत सांगायचा की तुझ्यासाठी एक नवस बोललो आहे.

ह्यांनी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबाला साकडं घातलं होतं: बायको बरी झाली की तिची गुळाची तुला करीन. तराजूच्या एका पारड्यात मी, दुसऱ्यात गूळ. हे त्यातल्या त्यात सोपं होतं, मला फक्त बसायचं होतं. माझ्या आईने बोललं की माझी लेक ती टेकडी अनवाणी चढेल. मोठ्या जाऊबाईंनी बोललं की ती उपाशीपोटी चढेल. कारंजाचे माझे धाकटे दीर, हायवेवर त्यांचा ढाबा, ते ट्रकमध्ये बसून आले आणि म्हणाले, वहिनी एक शब्द न बोलता टेकडी चढेल असं मी बोललो आहे. यात बाबाचा फायदा किती आणि दिराचा किती, हे मी विचारलं नाही. नवस बोलणारे एवढे सगळे आणि फेडणारी मी एकटी. कोणालाही असं सुचलं नाही की आपण स्वतः काहीतरी करावं.

सगळ्यांचे नवस ऐकून झाल्यावर मी आत्याबाईंकडे पाहिलं. म्हटलं, चार तिथे पाच, त्यांचाही ऐकून घेऊ.

"मी काही बोलली नाई," त्या पदराआडून म्हणाल्या.

विज्ञान शिकवणारी मी. देवाधर्माला घरात मीच हसायची. नवस म्हणजे देवाला लाच, असं मी वर्गात सांगितलेलं. तरी त्या दिवशी माझ्या सासूने माझ्यासाठी नवस बोलला नाही म्हणून मी डोळे पुसले. माणूस आजारात असा उघडा पडतो.

पाठ टेकाची

दोन महिन्यांनी मी घरी जाणार असं ठरलं होतं. नंदाला तसा निरोपही गेला होता. आणि तपासणीत थुंकीत पुन्हा जंतू निघाले. आणखी महिनाभर इथेच, डॉक्टर म्हणाले. नंदाला मी दोन महिन्यांत फक्त खिडकीतून पाहिलं होतं. खाली अंगणात उभं राहून ती मला तिची नवी चप्पल दाखवायची, एकदा उजवी, एकदा डावी. माझ्या सुयांसारखंच.

त्या संध्याकाळी मला वाटलं की मी मरणार. वार्डात दोन खाटा त्या आठवड्यात रिकाम्या झाल्या होत्या. मला भीती वाटत होती आणि ती कोणाला सांगावी हे कळत नव्हतं. ह्यांना सांगितली असती तर पुन्हा पाण्याचा पेला लागला असता.

पंचफुलाबाई रोज दिवेलागणीला खाटेवर मांडी घालून, हात जोडून त्रिशरण म्हणायच्या. छप्पन साली त्यांच्या सासऱ्याने दीक्षा घेतली तेव्हापासून घरात हा पाठ होता. मी तोवर त्या वेळी मासिक तोंडासमोर धरत असे. त्या दिवशी मी म्हटलं, "जरा मोठ्यानं म्हणता का?" त्यांनी म्हटलं. मग मी विचारलं की तुम्ही यातून मागता काय.

"आमच्यात मागाचं नसते, बाई," त्या म्हणाल्या. "शरण जाचं. म्हंजे पाठ टेकाची. दिवसभर गाठी उचलल्या का संध्याकाळी भिंतीले पाठ टेकतो का नाई? भिंत काही देत नाई आपल्याले. पण टेकता येते."

हे मला कोणत्याही पुस्तकात मिळालं नव्हतं. मी डोळे मिटले आणि पाठ टेकली. कोणाला टेकली ते सांगता येणार नाही. त्यांच्या बुद्धाला, गिरडच्या बाबाला की आमच्या देव्हाऱ्यातल्या टाकांना, त्या वेळी निवडत बसायची ताकद नव्हती. पण दोन महिन्यांत पहिल्यांदा छातीतली धडधड बसली. तेव्हापासून रोज दिवेलागणीला आम्ही दोघी बसायचो. मला मधेच खोकला यायचा, मग त्यांना यायचा. असं ते आमचं ध्यान. पंचफुलाबाई माझ्याआधी बऱ्या होऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "जेवत जाजो. मणाच्या वर गेल्याबिगर दिसू नोको मले." पुन्हा भेट झाली नाही.

घरी

मार्गशीर्षात मी घरी आले. माझं ताट वेगळं, पेला वेगळा. डॉक्टरांनीच काही दिवस तसं सांगितलं होतं, त्याचं दुःख नव्हतं. रोज सकाळी परसात तीन विटा मांडून, नाकाला पदर लावून, आत्याबाई माझी अंडी उकडायच्या. मी खिडकीतून पाहायचे आणि म्हणायचे, बघा, मी घरात आहे म्हणून परसातही पदर.

आणि चहा बंद. चुलीवरचं ते काळं गंज घासूनपुसून फळीवर पालथं पडलं होतं. शेजारणी आल्या की विचारायच्या, काऊन वो, चाय सोडली? त्या म्हणायच्या, पित्त होते. मला माहीत होतं कसलं पित्त. पूर्वी पहाटेचा चहा मी करायची. सून क्षयाची, तिच्या हातचा घ्यायचा नाही, आणि तोंडाने तसं म्हणायचंही नाही. म्हणून मग चहाच सोडला. बाई हुशार होती.

मी मनाशी ठरवून टाकलं. आपण बऱ्या झालो की नाही, हे एक्स-रे सांगणार नाही. ज्या दिवशी ही बाई आपल्या हातचा चहा घेईल, त्या दिवशी बऱ्या झालो.

महिन्याच्या महिन्याला वजन करायला सेवाग्रामला जायचं. मी परत आले की आत्याबाई उंबऱ्यातच उभ्या. किती? मी सांगायचे, एकोणचाळीस. मणात किती? मी म्हणायचे, मण बंद झाला. पुढच्या महिन्यात एक्केचाळीस. मणात? बंद झाला, आत्याबाई. मला वाटायचं, आपण किती खाल्लं त्याचा हिशेब घेते आहे. एकदा तर मी म्हटलं, "मी काय कापूस आहे का, मणात मोजायला?" त्या म्हणाल्या, "कापूस बरा, बोलत नाई तो."

पुढच्या दसऱ्यापर्यंत मी सत्तेचाळीस किलो झाले. थुंकी केव्हाच स्वच्छ झाली होती. डॉक्टरांनी लिहून दिलं की हिच्यापासून आता कोणालाही धोका नाही. तो कागद मी आत्याबाईंना मोठ्याने वाचून दाखवला, शेवटचं वाक्य दोनदा. दिवाळीच्या पहाटे अभ्यंग झाल्यावर मी ते काळं गंज फळीवरून काढलं, गूळ घालून चहा केला आणि बशी त्यांच्यासमोर ठेवली. नवं लुगडं नेसून त्या बसल्या होत्या. त्यांनी बशीतल्या वाफेकडे बराच वेळ पाहिलं. एकदा बोटही लावलं. मग बशी माझ्याकडे सरकवली.

मी आत जाऊन रडले. हे म्हणाले, आईला पित्त झालं असेल. नवऱ्यावर मला राग येत नाही फारसा, पण त्या दिवशी आला.

टेकडी

फाल्गुनात औषधं संपली आणि डॉक्टरांनी सुट्टी दिली. आता नवस फेडायचे. मी म्हटलं, सगळे एकाच दिवशी उरकू. अनवाणी, उपाशी, मुकी आणि शेवटी गुळात.

गिरडच्या पायथ्याशी सगळं खानदान जमलं. उपवासाबद्दल मी दोन सवलती मागून घेतल्या होत्या, पाणी आणि लिंबाचं लोणचं. दीर खूश होते. इतकं शांत घरचं कार्य त्यांनी पाहिलं नव्हतं. ऊन तापलं होतं. मी पायाखालचे खडे मोजत चढू लागले, आणि थोड्या वेळाने पाहते तर आत्याबाई माझ्या बाजूला. त्याही अनवाणी. त्यांचा तर नवसही नव्हता.

"आज बरं हाय," त्या म्हणाल्या. "तू बोलत नाई."

मी नुसतं पाहिलं. त्या आणखी दहा पायऱ्या चढल्या, कमरेवर हात ठेवून थांबल्या आणि विचारलं, "मास्तरीण, सव्वा मणाले किलो किती लागते वं?"

दीड वर्ष ह्या बाईने मला हाच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला होता आणि मी उत्तर दिलं नव्हतं. आज पहिल्यांदा द्यावंसं वाटलं, तर तोंडाला दिराचं कुलूप. मी बोटं दाखवू लागले. चार, मग सहा. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "राहू दे. दहा तं बोटं हायेत." आणि पुढे निघाल्या. सव्वा मणाचं आज काय निघालं, मला कळेना.

वर चिंचेखाली एका म्हाताऱ्या गूळवाल्याचा मोठा तराजू टांगलेला होता. मला पारड्यात बसवलं. माझे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि नंदा टाळ्या वाजवू लागली. दुसऱ्या पारड्यात आम्ही आणलेली गुळाची ढेप ठेवली, अजून एक, अजून एक. काटा मध्यावर आला. हे म्हणाले, तुला झाली. मी खाली उतरले.

"थांब," आत्याबाई गूळवाल्याला म्हणाल्या. "गूळ तोलून सांग. अन् किलो नोको सांगू बाप्पा. मणात सांग."

म्हाताऱ्याने मागच्या पोत्यातून जुनी लोखंडी वजनं काढली. ती बाजारात आता चालत नव्हती, पण नवसाला लोक जुनीच मागतात, असं तो म्हणाला. त्याने गूळ तोलला. "सव्वा मण, अन् वर दोन शेर."

"सव्वा मण झाला?"

"झाला ना बाई. होऊन वर गेला."

आत्याबाई चिंचेच्या बुंध्याला पाठ टेकून खाली बसल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पुसत नव्हत्या. हे धावत पाण्याचा पेला घेऊन आले. त्या म्हणाल्या, "पाणी नोको. आता चाय लागन मले."

मला काही सुधरेना. टेकडी चढून झाली होती, माझं मौन संपलं होतं, आणि विचारायला एक शब्द सापडत नव्हता. त्यांनीच सांगितलं. वार्डात पंचफुलाबाईंनी मणभर नाही म्हटलं, त्याच दिवशी त्यांनी ह्याच बाबाला मनातल्या मनात सांगितलं होतं: मही सून सव्वा मण होईस्तोवर चायचा घोट तोंडाले लावणार नाई. असं सोडलेलं कोणाला सांगायचं नसतं. सांगितलं की जातं. बाजारात विचारून पाहिलं तर एक जण म्हणाला मण चाळीस किलोचा, दुसरा म्हणाला सदतीसचा. देवाच्या कामात अंदाज चालत नाही. घरात मास्तरीण होती, तिला दर महिन्याला विचारलं.

"तू म्हणे, सरकारनं बंद केला," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, सरकारनं बंद केला तं बाबानं बी केला असन. मंग माह्या नवसाचं काय होते? भेव वाटे मले."

मी मनात हिशोब केला. तो मला तेव्हाही येत होता, दीड वर्षापूर्वीही येत होता. सव्वा मण म्हणजे सत्तेचाळीस किलोला थोडं कमीच; तेवढी मी दसऱ्यालाच झाले होते. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत त्या बाईने माझ्या एका शहाणपणाच्या वाक्यापायी चहा सोडला होता, आणि दिवाळीला वाफेला बोट लावून बशी परत केली होती. मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, आणि तो पदर? नाकावरचा?

"अंड्याचा वास येते वं," त्या म्हणाल्या. "मळमळ होते."

ह्यांनी पायथ्याच्या हॉटेलातून चहा आणतो म्हटलं. आत्याबाईंनी हात हलवला. घरचा पाहिजे, तुझ्या बायकोच्या हातचा.

चहा

बसने घरी येईपर्यंत दिवेलागण झाली. मी काळं गंज चुलीवर ठेवलं, पाणी घातलं, पत्ती घातली आणि गुळाचा डबा उघडला. डबा रिकामा. आमच्या घरचा आणि गावच्या दुकानातला सगळा गूळ माझ्या भारोभार टेकडीवर वाटून आलो होतो. मी डबा हातात धरून उभी राहिले. हसू की रडू, ते कळत नव्हतं.

आत्याबाई आत आल्या. पदराची गाठ सोडली आणि प्रसादाचा खडा काढला. मुठीएवढा होता; प्रसाद घेतानाही त्यांनी हात आखडता घेतला नव्हता. "हा टाक," म्हणाल्या.

देव आहे का, असं मला कोणी विचारलं तर मी आजही पट्कन हो म्हणत नाही. पण माझ्यासाठी कोणीतरी रोज सहा वेळा त्याच्यावर विश्वास ठेवत होतं, आणि मी त्याच भिंतीला पाठ टेकून बरी होत होते, हे मला माहीत आहे. गोळी एकही चुकवली नाही, हेही तितकंच खरं.

चहा बशीत ओतला. त्यांनी फुंकर मारली, डोळे मिटले आणि घोट घेतला. नंदा, हे आणि मी, तिघे त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे होतो.

"पाणचट झाली," आत्याबाई म्हणाल्या, आणि बशी पुढे केली. "अजून टाक."